सात आसरा आणि उग्र मातृदेवता

मंदिरात दर्शन घेऊन प्रदक्षिणा करणाऱ्या भाविकांची पावले मागील बाजूस एका ठिकाणी हटकून थबकतात. पिंपळाच्या पारालगत शेंदूर लावलेले सात तांदळे तेथे ओळीने मांडलेले आहेत. त्यांना डोळे नाहीत, मुखवटे नाहीत, वर छत्र नाही. पुढ्यात हिरव्या बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या आणि कधी दहीभाताचा द्रोण असतो. काही माताभगिनी त्यांची ओटी भरतात, तर काही कडेवरच्या मुलाचे तोंड पदराने झाकून लगबगीने पुढे जातात. नंतर यांपैकीच कोणी तरी कार्यालयाच्या खिडकीशी येऊन दबक्या आवाजात विचारते, "या देवी चांगल्या की वाईट?"

चिटणीस या नात्याने हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की, पुस्तिकेच्या या आवृत्तीत त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे ठरविले.

हे सात तांदळे म्हणजे सात आसरा. 'अप्सरा' या शब्दाचे हे लोकरूप. नदीचा डोह, विहीर, तळे, ओढ्याचे वळण ही यांची ठाणी. जवळपास बहुधा म्हसोबाचा दगडही असतो. नवसाला पावणाऱ्या, ओल्या बाळंतिणीला जपणाऱ्या अशी यांची ख्याती आहे. आणि भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला एकटा पाण्यावर गेलेल्या माणसाला ओढून नेणाऱ्या अशीही आहे. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या जातात व सांगणाऱ्याला त्यात काही विसंगती वाटत नाही.

आपल्या मावळात या जलमातांना 'मावलाया' असेही म्हणतात. इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील देवींची ठाणी पायी हिंडून अभ्यासली. 'मिथ अँड रिअॅलिटी' हा त्यांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. 'मावळ' या नावाचा संबंध त्यांनी याच लहान लहान मातांशी जोडला. कार्ल्याच्या लेण्यातील सातवाहनकालीन लेखात हा प्रदेश 'मामाल' म्हणून येतो, म्हणजे हे नाव जवळपास दोन हजार वर्षे टिकून आहे. सूर्य जिकडे मावळतो तो मावळ, ही व्युत्पत्ती आपण शाळेत शिकलो आणि ती अधिक परिचित आहे. मला स्वतःला कोसंबींचे म्हणणे अधिक भावते. त्यात माझा पक्षपात असेल. मावळ्यांच्या नावातच आई आहे, हे कोणाला आवडणार नाही?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पालन करणारी आणि प्राण हरण करणारी एकच कशी असू शकते?

महाभारताच्या वनपर्वात स्कंदजन्माची कथा आहे. नवजात स्कंदाचे तेज पाहून इंद्राला आपल्या पदाची चिंता वाटली व त्याने लोकमातांना त्या बालकाचा वध करण्यासाठी पाठविले. त्या गेल्या, परंतु बालकाला पाहताच त्यांना पान्हा फुटला आणि 'तू आमचा पुत्र हो' असे त्यांनी त्यालाच विनविले. मारण्यासाठी आलेल्यांनी त्याला पदराखाली घेतले. मात्र कथा येथे थांबत नाही. याच मातृगणातील काही जणी सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना पीडा देतात, असेही पुढे सांगितले आहे. वेरूळच्या चौदाव्या व एकविसाव्या लेण्यांत सप्तमातृकांचे पट कोरलेले आहेत. कलाकुसर डोळ्यांत भरणारी आहे. पण आमच्या पारावरच्या सात दगडांचे आणि त्या सात मूर्तींचे नाते फार दूरचे नाही.

सभापर्वातील जरा राक्षसीची कथाही अशीच आहे. मगधराज बृहद्रथाच्या दोन राण्यांना प्रत्येकी अर्धे बालक झाले. ती शकले बाहेर टाकून देण्यात आली. मांसभक्षक जरेने ती उचलून एकत्र धरली, तोच सांधली जाऊन बालक रडू लागले. तिने ते खाल्ले नाही, राजाच्या ओटीत घातले. म्हणून त्याचे नाव जरासंध. जो आपल्या घराच्या भिंतीवर मुलाबाळांसह तिचे चित्र काढील त्याच्या घरी वृद्धी होईल, असे तेथे सांगितले आहे. श्रावण लागला की आपल्या घरी देवघराजवळ जिवतीचा कागद लागतो. त्यावर नरसिंह असतो, कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, बुध-बृहस्पती असतात आणि अंगाखांद्यावर मुले खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका असतात. शुक्रवारी पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळणारी आई राक्षसीच्या साक्षीने ओवाळत असते. आमच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "राक्षसीण असली म्हणून काय झालं? पोर सांभाळलं ना तिनं." याहून चांगले भाष्य मी अद्याप वाचलेले नाही.

बौद्ध परंपरेत हारीती आहे. राजगृहातील ही यक्षिणी लोकांची मुले पळवून खात असे. तिला स्वतःला पाचशे मुले होती. बुद्धांनी तिचे धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले. ती आकांत करीत आली तेव्हा, पाचशेंतील एकासाठी तुझी ही अवस्था, मग ज्यांना एकच होते त्यांचे काय झाले असेल, असा प्रश्न त्यांनी तिला केला. ती शरण आली. परंतु तिने एक व्यावहारिक अडचण मांडली : मी आणि माझी मुले आता खाणार काय? त्यावर विहारातून तिला रोज अन्न देण्याचे ठरले. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने विहारांतील भोजनगृहाजवळ हारीतीची प्रतिमा असते व तिला नैवेद्य ठेवतात, असे लिहून ठेवले आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती पांचिकासह बसलेली दिसते. त्या शिल्पाच्या पायथ्याशी छडी घेतलेले गुरुजी व त्यांच्यासमोर मुले कोरली आहेत. मागच्या मुलांचे लक्ष अभ्यासात मुळीच नाही. अजिंठ्याला गेल्यास ते आवर्जून पाहावे.

तात्पर्य, आपल्याकडे भयंकर स्त्रीशक्तीला हाकलून देण्यापेक्षा तिला घरात जागा आणि ताटात वाटा देण्याची रीत दिसते. बाळाच्या पाचवीला सटवाई पूजतात, पाटा-वरवंटा मांडतात, कोरा कागद व लेखणी ठेवतात. हीच सटवाई मुलांना नेते अशी धास्ती आहे, आणि तिच्याच हाती बाळाचे भाग्य लिहिण्याचे काम सोपविले आहे.

जगात इतरत्र काय घडले? प्राचीन मेसोपोटेमियात लमाश्तू नावाची सिंहमुखी देवता गर्भिणी व अर्भकांवर घाला घालते असे मानीत. तिच्या बंदोबस्तासाठी घरात ताईत व पाट्या टांगत. त्यांवर पझुझू नावाचा दुसरा भयंकर देव तिला पिटाळताना दिसतो. पण त्याच पाट्यांवर तिला प्रवासासाठी दिलेल्या वस्तूही कोरलेल्या आहेत, आणि त्यांत फणी व चाती आहे! आपल्या ओटीतील फणी-करंड्याची येथे आठवण होते. साथीच्या काळात मरीआईचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेपलीकडे नेऊन ठेवण्याची आपली जुनी चाल याच जातीची. (पलीकडच्या गावाला तो गाडा पाहून काय वाटत असेल, हा प्रश्न अर्थातच निराळा.)

ग्रीकांची तऱ्हा आपल्याला अधिक जवळची वाटेल. इस्किलस या नाटककाराच्या इ.स.पूर्व ४५८ मधील नाटकात मातृहत्येचा सूड घेण्यासाठी धावणाऱ्या भीषण देवतांना अथीना देवी हुसकावीत नाही. नगराखाली त्यांना कायमचे ठाणे व पूजेचा मान देते. त्यांना 'कृपाळू' म्हणण्याचा प्रघातही ग्रीकांत होता. आपण नाही का जीवघेण्या रोगालाच 'देवी' म्हणालो? माझ्या वयाच्या अनेकांच्या दंडावर देवी काढल्याची खूण अजून आहे. १९७५ साली भारतातील त्या रोगाची साखळी तुटली व १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून गेल्याचे जाहीर केले. लस टोचून घेतल्याने देवीचा कोप झाला नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

आपल्या भाषेतही ही नाती भरून आहेत. दारिद्र्याची देवता अलक्ष्मी ही लक्ष्मीची थोरली बहीण, ज्येष्ठा. म्हणून लोक तिला 'अक्काबाई' म्हणतात आणि घरावर संकट आले की 'अक्काबाईचा फेरा आला' असे बोलतात. शिवी नाही, नाते आहे. आश्विन अमावास्येला सायंकाळी नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पूजली जाते आणि मध्यरात्री सूप वाजवीत तिनेच अलक्ष्मीला झाडून बाहेर काढतात.

सगळाच वारसा असा गोड नाही. लेण्यांत मानाने बसलेल्या यक्षिणीचे पुढे 'जखीण' झाले आणि 'सटवी' हा शब्द बायकांना हिणविण्यासाठी वापरला जाऊ लागला. हडळ म्हणजे कोण, याचा विचार आपण करीत नाही. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असे सांगतात. जिच्यासाठी रडायचे, तिलाच घाबरायचे! मेक्सिकोतील अॅझ्टेक लोक अशा स्त्रीला रणात पडलेल्या वीराचा मान देत व ती सूर्यासोबत चालते असे मानीत. तरीही ठराविक दिवशी ती चौरस्त्यावर उतरते म्हणून मुलांना घरात ठेवीत. सन्मान आणि धास्ती त्यांच्याकडेही जोडीने राहिली. आपल्याकडे हडळीच्या वाट्याला केवळ धास्ती उरली.

या धास्तीचा बाजार मांडणारे लोक आहेत. काही वर्षांपूर्वी एक तरुण दांपत्य कार्यालयात आले होते. दोन वेळा गर्भ राहून गेला होता. कोणा जाणकार म्हणविणाऱ्याने 'आसरांची बाधा आहे' असे सांगून उतारा व विधीसाठी मोठी रक्कम मागितली होती. अर्धी दिलीही होती. ती बाई मागच्या पाराकडे पाहायलाही तयार नव्हती. आपल्या हातून कधी तरी पाणवठ्यावर काही चुकले असेल, हेच ती पुनःपुन्हा म्हणत होती. मी तिला खण-नारळ दिला आणि दोघांना प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले. तिने ओटी भरली, पण हात थरथरत होते. त्या सात दगडांपुढे उभे राहताना कोणाचेही हात असे थरथरू नयेत, यासाठीच खरे तर हा लेख लिहावासा वाटला. बाधा काढण्याच्या नावाखाली फसवणूक करून पैसा उकळणे, भुताळी-चेटकीण ठरवून एखाद्या स्त्रीला मारहाण करणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हे आहेत. मंदिराच्या आवारात असा कोणी इसम भेटल्यास कार्यालयात तत्काळ कळवावे. येथे आसरांसाठी कोणताही शुल्काचा विधी नाही.

आता त्यांच्या दुसऱ्या बाजूविषयी, म्हणजे पाण्यात ओढून नेण्याविषयी. हे सात तांदळे मुळात येथले नाहीत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस पवना धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा खालच्या अंगाची शेते, घरे व देवळे बुडाली. शिळिंबजवळचे वाघेश्वराचे प्राचीन मंदिर आजही वर्षातील बराच काळ पाण्याखाली असते व उन्हाळ्यात उघडे पडते. आमच्या आईचे माहेर नदीकाठी होते. आसरांचे ठाणे डोहाच्या काठावर होते. सामान हलविताना बायकांनी हे सात दगड पाटीत घालून डोक्यावरून वर आणले, असे ती सांगे. म्हसोबा जड होता, तो तेथेच राहिला.

मी तिला एकदा विचारले, आसरा खरोखर माणसे ओढीत का? ती म्हणाली, "तिथं पाणी खोल होतं. दगड दिसला की पोरं अलीकडंच थांबायची." शेंदराचा तो ठिपका लांबून दिसे. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही तो वाचता येई. भीती होती, पण ती नेमक्या जागेची होती, आणि त्या जागेला वर्षातून एकदा दहीभात मिळत असे.

आज जलाशयाच्या काठी असा दगड नाही. पाणी संथ व सुंदर दिसते, समोर तुंग व तिकोना दिसतात, आणि हौसेने उतरलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन कधी अचानक संपते. खाली जुने बांध, खड्डे व गाळ आहे, हे वरून समजत नाही. येथे बुडालेल्यांत पोहता येणारेही होते. सुट्टीच्या दिवसांत अशी बातमी आली की मागच्या पारावर दिवा लावायला गावातील एखादी म्हातारी येते. ती कोणासाठी लावते ते विचारण्याचे मला धाडस होत नाही.

दोन वर्षांपूर्वी आवारात फरशी बसविताना कंत्राटदाराने विचारले होते, 'हे दगड उचलून बाजूला ठेवू का?' विश्वस्त मंडळाने पार आहे तसा ठेवण्याचा निर्णय घेतला. फरशी त्याच्या अलीकडे संपते. तेथे अनवाणी जावे, ओटी भरावयाची असल्यास प्लॅस्टिकची पिशवी मागे ठेवू नये, आणि लहान मुलांना खुशाल जवळ न्यावे. धरणाच्या पाण्यात मात्र स्नानासाठीही उतरू नये. हातपाय धुण्यासाठी भक्तनिवासाच्या उजव्या बाजूस नळांची सोय आहे.