जुनी फायबरची होडी घेताना : रंगावर जाऊ नका

वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी आणि गोराईच्या किनाऱ्यांवर आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. नवी होडी परवडत नाही, म्हणून आपले अनेक बांधव जुनीच्या शोधात असतात. घरचे दागिने मोडून, नातेवाईकांकडून हातउसने घेऊन पैसा उभा केला जातो. अशी होडी आतून कुजकी निघाली तर भांडवल जातेच, शिवाय भर समुद्रात जिवावर बेतते. म्हणून बयाणा देण्यापूर्वी पुढील तपासणी करावी.

काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन यांचे थर बसवून फायबरचे कवच बनते. त्यावर जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. ‘फायबर कुजत नाही’ असे विक्रेते सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु मजबुतीसाठी अनेक होड्यांत आत प्लायवूड किंवा लाकूड घातलेले असते. त्यात पाणी शिरले की ते कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

१) होडी पाण्याबाहेर पाहा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा तळ नीट पाहता येतो. नुकताच रंग दिलेला असेल तर अधिक सावध राहा. तिरप्या उजेडात कडेने नजर टाकली की दुरुस्त केलेली जागा उंचसखल दिसते.

२) भेगा ओळखा. केसासारख्या बारीक भेगा पुष्कळदा फक्त जेलकोटच्या असतात. पण एका बिंदूपासून चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा म्हणजे तेथे मार बसला आहे. त्याच जागी आतून थर सुटले आहेत का, पांढरे डाग आहेत का, ते पाहा.

३) वाजवून पाहा. मडके घेताना आपण वाजवतो, तसेच. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने वीत-वीत अंतरावर ठोका. टणक आवाज चांगला. भद्द आवाज आला तर थर सुटलेले किंवा आतले लाकूड भिजलेले असू शकते. आतल्या पट्ट्यांमुळेही आवाज बदलतो, म्हणून डाव्या बाजूचा आवाज उजवीकडच्या त्याच जागेशी ताडून पाहा. संशयास्पद जागेवर खडूने खूण करा.

४) मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. बाहेरचे इंजिन हिच्यावरच टांगलेले असते. इंजिन तिरपे उचलून, खालचे टोक धरून वरखाली हलवा; जोडीदाराने फळीकडे लक्ष ठेवावे. फळी वाकली, बोल्टभोवतीची भेग उघडली किंवा भोकातून तपकिरी पाणी आले, तर आतले लाकूड गेले असे समजा. ही दुरुस्ती खर्चिक असते.

५) तळ आणि डेक. डेकवर अनवाणी चाला. पाय दबला तर खाली कूज आहे. तळाला जोडलेल्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचे सांधे सुटलेले नसावेत. बाहेरून फोड आलेले असतील तर मालकाला विचारून एक फोडून पाहा. आंबूस वासाचे चिकट पाणी निघाले तर पाणी थरांत मुरले आहे. दोन-चार फोड दुरुस्त होतात. सगळा तळ भरला असेल तर ती होडी सोडून द्या.

६) लाकडी होडीवर चढवलेले फायबर. अशा होडीत आतल्या बाजूने लाकडाला अणकुचीदार टोक लावून पाहा. टोक सहज रुतले, तर वरचे फायबर कुजलेल्या लाकडाला झाकते आहे.

शेवटी माल-माणसांचे वजन घेऊन तासभर होडी चालवा आणि तळाशी पाणी साचते का ते पाहा. नोंदणी व इंजिन क्रमांक कागदांशी जुळवा. होडीवर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नाही याची खात्री करा. मासेमारीचा परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली लागतो.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विचारून त्यांनी बजावले की, फसवणारा आपल्यातला नव्हे. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. होडीचा व्यवहारही असाच आहे : वरून कोरडी, आतून ओली.

दोष लपवून माल विकला गेला असेल, तर तो परत करण्याचा हक्क शरीअतने ग्राहकाला दिला आहे. पण भर समुद्रात तो हक्क काय कामाचा? म्हणून हात आधी घाला, पैसे नंतर द्या. खरेदीदारानेही नसलेला दोष काढून भाव पाडू नये. ठरलेले सर्व साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावे. आणि उद्या तीच होडी विकण्याची वेळ आली, तर आपण केलेली दुरुस्ती पुढच्याला न विचारता सांगावी. बरकत त्यातच आहे.