गडी मोडण्याआधी

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

लोहारा

चि. बाळ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

काल बाजारात भावकीतल्या एकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुमचं पोरगं पुण्यात मंत्र शिकतंय म्हणं. रात्री हाडाच्या सापळ्याला शंभर मोहरा देतंय." जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालीच झालाय, एवढं त्याला पक्कं ठाऊक, बाकीचं मनानं जोडलेलं. रात्री वहिनींचा फोन, तोही रडवेला. शेवटी तुझ्या धाकटीनं उलगडा केला. बाल्डर्स गेट थ्री नावाचा खेळ, त्यात तुझा बार्ड, म्हणजे गाऊन-वाजवून मंत्र टाकणारा गडी. विदर्स नावाचा सापळा शंभर मोहरा घेतो आणि गडी पहिल्यापासून घडवू देतो. मी म्हटलं, अगं, हा तर गोंधळीच झाला की!

जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात ती म्हणाली, दादा चार दिवस झाले की तो गडी मोडतो. तिथं माझं डोकं फिरलं. इंजिनिअरिंग सोडलंस, बीसीएस सोडलंस, आता ॲनिमेशन. खेळातही बूड टेकेना का तुझं?

तिच्याकडून तुझ्या मंत्रांची यादी मागवली. हसू नको, समजून घेतलंय मी. सुरुवातीला चार मंत्र, मग पातळी चढेल तसा एकेक, आणि दर चढतीला एक जुना टाकून नवा घेता येतो. एवढी सोय असताना सापळ्याकडं पळायचं कारण काय? 'होल्ड पर्सन', 'फेअरी फायर', 'हीट मेटल', तिन्ही मंत्र ध्यान धरून चालवायचे. ध्यान एका वेळी एकाचंच. दुसरा टाकला की पहिला सुटला. खंडोबाचं आख्यान लावून मधेच अंबाबाईचं सुरू केल्यागत. त्यातला एक ठेव. मोकळ्या जागी 'हीलिंग वर्ड' घे. पडलेला सोबती लांबूनच उठतो आणि तुझी मुख्य चाल हातात राहते. 'विशस मॉकरी'ला मात्र हात लावू नको. चार टोमणे हाणून समोरच्याचा नेम चुकवायचा, ही तर आपल्या घरची विद्या. आपल्या गोंधळी आबांचा झीलकरी भल्याभल्या पाटलांना गोंधळात असंच घाम फोडायचा. आणि बार्ड देतो ते स्फुरण? ते सोबत्यालाच देता येतं, स्वतःला नाही. ज्यानं हा नियम केला त्यानं गोंधळ पाहिला नसेल, पण बरोबर केलाय.

पण आधी गडी मोडणं थांबव. घेतलेला मंत्र चार लढायांत तरी वापरून बघ.

आबांची करपल्लवी तू पाहिली नाहीस. पाहुण्यांतल्या कुणाचं तरी नाव आबा कानात विचारून घेत. मग तोंड मिटून नुसती बोटं हालवायचे, कधी पेरावर अंगठा, कधी मूठ, आणि पलीकडं तुणतुणंवाला ते नाव खणखणीत सांगायचा. बाया तोंडाला पदर लावायच्या. माकणी, सास्तूर, जेवळी, जिथं गोंधळ तिथं मी दिवटी धरून मागं. संबळाची दोन्ही टिपरं हातात बसली, सरळ अन् वाकडंही. बोटांची अक्षरं तेवढी राहिली. आबा म्हणायचे, आधी एक आख्यान पुरतं कर. मला सगळंच एकदम पाहिजे होतं. मग एसटीत लागलो, आबा गेले. निम्मी अक्षरं अजून येतात. निम्म्या अक्षरांत कुणाचं नाव होत नाही रे.

म्हणून बोलतो, नाहीतर मला त्या सापळ्याचं काय पडलंय! ॲनिमेशन तुला खरंच आवडत असेल तर कर. तुझ्या वडलांशी मी बोलतो, तू मधे पडू नको. फी कधी भरायची ते मात्र खरं सांग, ऐनवेळी नको.

धाकटी जाता जाता म्हणाली, त्या गड्याला तू आबांचं नाव दिलंयस. तोवर निम्मं पत्र लिहून झालं होतं, नाहीतर एवढा रागावलो नसतो.

नवरात्रात ये. तुळजापूरला बरोबर जाऊ. यंदा संबळ बाहेर काढणार आहे, कातडं सैल पडलंय, ते ओढून घ्यायला दुसरा माणूस लागतो. आणि हे वाचलं की आधी आईला फोन कर. ती अजून तुझ्यासाठी लिंबू उतरवतेय.

तुझा काका