मांजर गार पडलं, तर काय तपासाल

आजारी मांजराचे कान गार लागले की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "चला, ताप तरी नाही." मांजराच्या बाबतीत याच वाक्याने घात होतो. जंतुसंसर्ग अंगभर भिनून रक्तदाब कोसळला की त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. अशा वेळी कुत्र्याच्या हिरड्या सुरुवातीला बऱ्याचदा लालभडक दिसतात आणि छाती धडधडत असते. मांजर हा टप्पा बहुधा दाखवतच नाही. ते गार पडतं, ठोके मंदावतात, हिरड्या फिकटतात.

आधी मागचे आठ-दहा दिवस आठवा. बोक्यांची मारामारी, चावा, गळू? नसबंदी न झालेल्या मांजरीच्या शेपटीखाली ओलसर स्राव? त्याचा अर्थ गर्भाशयात पू असू शकतो. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या-जुलाब?

मग हात न लावता श्वास मोजा. 15 सेकंद बरगड्यांची हालचाल पाहा आणि आकड्याला चारने गुणा. निवांत मांजराचा श्वास साधारण 20 ते 30 असतो. 40च्या वर गेला तर काळजीचं. तोंड उघडून धापा टाकत असेल तर पुढचं काही तपासू नका, सरळ निघा.

आता ओठ हळूच उचला. हिरडी फिकट गुलाबी हवी. पांढरट, राखाडी किंवा पिवळसर नको. बोटाने दाबून सोडा. दाबलेल्या जागी दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहा.

डाव्या कोपरामागे छातीवर बोटं ठेवून ठोके मोजा. घरी शांत झोपलेल्या निरोगी मांजराचे ठोके 140च्या खाली असू शकतात; पण आजारी, धरून ठेवलेल्या, घाबरलेल्या मांजराचे ठोके तेवढे कमी असणं फार वाईट लक्षण. मांडीच्या आतली नाडी लागतच नसेल, तर तेही तसंच.

थर्मामीटर शेवटी, गुदद्वारातून, व्हॅसलीन लावून. मांजर चवताळलं तर हट्ट धरू नका. 100 फॅरनहाइटच्या खाली आकडा आणि सोबत वरचं एखादं लक्षण, एवढं पुरे.

डॉक्टरांना फोन करून निघा. पातळ चादरीत सैल गुंडाळा, पण गरम पाण्याची पिशवी नको: कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरून रक्तदाब आणखी घसरतो. दूध-पाणी बळेच पाजू नका. आणि पॅरासिटामॉल? कधीच नाही, मांजरासाठी ते विष आहे.

दवाखान्यात रक्तदाब, साखर, लॅक्टेट आणि पांढऱ्या पेशी तपासतात. वरचा रक्तदाब 90च्या खाली असेल तर सलाईन लगेच, पण बेतानं: किलोमागे 5 ते 10 मिली, 15-20 मिनिटांत, म्हणजे चार किलोच्या मांजराला एका वेळी 20 ते 40 मिली. पुन्हा तपासायचं, मगच पुढचं. जास्त झालं तर पाणी फुप्फुसांत उतरतं. "अजून एक बाटली लावा ना" असा आग्रह म्हणूनच करू नये. अँटिबायोटिक पहिल्या तासातच शिरेतून. पोटात किंवा छातीत पू आहे का, हे सोनोग्राफीत बघतात. सापडला, तर मांजर थोडं सावरताच तो काढावा लागतो. नुसत्या इंजेक्शनांवर तो संसर्ग सहसा हटत नाही.