यादी कोणी केली?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-६, २ करिंथ ८:१६-२१



आपत्ती आली की आपल्या मंडळ्यांत दान गोळा व्हायला वेळ लागत नाही. रविवारी पाळकांनी आवाहन केले की बुधवारपर्यंत सभागृहात पोत्यांची थप्पी लागते. अडते ते पुढे. आलेले दान कोणाला, किती आणि कोणाच्या हातून द्यायचे, यावर आपण क्वचितच बोलतो. शास्त्राने मात्र हा विषय टाळलेला नाही.

यरुशलेमेची मंडळी वाढत होती. विधवांना रोज अन्न वाटले जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवा सुटू लागल्या आणि कुरकुर सुरू झाली. कोणी चोरी केली असे लूक लिहीत नाही. ज्यांची भाषा कळते, ज्यांचे घर ठाऊक आहे, त्यांच्यापर्यंत वाटणारे पोहोचले असावेत, एवढेच. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना कृतघ्न ठरवले नाही. सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातांची नावे पुन्हा वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावे. ज्यांच्या विधवा सुटल्या होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. आपल्यापैकी किती संस्था असे करतील?

हा पाठ मी पदविकेच्या वर्गात शिकले, पण समजला २०२१ च्या जुलैनंतर. महाडमध्ये सावित्रीचे पाणी शिरले, त्यानंतर आम्ही तालुक्यातल्या एका कातकरी वाडीसाठी साहित्य नेले : तांदूळ, डाळ, तेल, मीठ, चादरी, ताडपत्र्या. घाईत रेशनकार्डांवरून यादी केली. एका कार्डाला एक संच. कागदावर अगदी समान वाटप. यादी केली ती रस्त्याकडेच्या एका सद्गृहस्थांच्या ओटीवर, चहा पीत. माणूस भला होता. त्याला जे ठाऊक होते ते त्याने सांगितले.

वाडीत एक आजी बाजूलाच बसून राहिल्या. विचारले तर म्हणाल्या, “माझं नाव कोनच्याच कार्डावर नाय, ताई.” शेजारच्या घरात कार्ड बापाच्या नावाचे, पण लग्न झालेल्या तीन मुलांच्या तीन चुली वेगळ्या. तिघांत एक संच. रस्त्यालगत मात्र एकाच घरात दोन कार्डे, म्हणून दोन संच.

अशा चुका फक्त घाईतल्या माणसांच्या हातून होतात असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जी गावे नव्या जागी वसवली, तिथे घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. नियमामागे विचार होता : ज्याच्याकडे बैलबारदाना आणि धान्याची पोती, त्याला जागा जास्त लागते. पण आधी ज्याच्याकडे जास्त, त्याला नंतरही जास्त, हेच त्याने पक्के केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर होड्या आणि जाळी गेलेल्यांना भरपाई मिळाली, ते योग्यच होते. पण खाडीत हाताने कोळंबी धरणाऱ्या इरुळा आदिवासींकडे होडीच नव्हती; मग त्यांचे बुडाले काय, हे कागदावर येणार कसे? दलित शेतमजुरांचेही तेच झाले. त्याच वेळी नागपट्टणमच्या रस्त्यांवर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते. कपाटे रिकामी करून पाठवणाऱ्यांनी हे मनाशी ठेवावे, असे मला स्पष्टच सांगावेसे वाटते.

आम्ही दुसऱ्या दिवशी यादी फाडली. वाडीतल्याच दोन बायांना सोबत घेऊन घरोघर चुली मोजल्या. कार्डांच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या, साहित्य पुरेना. तेव्हा संच फोडले. छप्पर उडालेल्यांना आधी ताडपत्री, धान्य चुलीप्रमाणे, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तेल-डाळ थोडी जास्त. एका देणगीदार मंडळीला हे रुचले नाही. त्यांना प्रत्येक कुटुंबाच्या हातात सारखा संच असलेला फोटो हवा होता. त्यांचा राग मला अन्यायाचा वाटत नाही. पैसा त्यांचा होता, आणि ठरल्याप्रमाणे का वाटला नाही हे विचारण्याचा हक्कही.

इथे पौल उपयोगी पडतो. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमलेले दान त्याने एकट्याच्या हाती ठेवले नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला, आणि कारणही लिहिले : एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, देवासमोर तर नीट असावेच, पण माणसांसमोरही. पौलासारख्याला ही गरज वाटली, तर आपल्याला “आमच्यावर विश्वास ठेवा” म्हणण्याचा अधिकार नाही. आम्ही त्या मंडळीला पूर्ण यादी पाठवली : कोणाला काय दिले, कमी का, जास्त का. पुढच्या वेळी दान देताना तुम्हीही संस्थेला फोटोऐवजी हेच मागा, आणि यादी करताना गावातले कोण सोबत होते तेही विचारा.

निघण्यापूर्वी हिशोब वाडीतही मोठ्याने वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागून एका पोराने विचारले, “आणि वढ्यापल्याडचं घर?”

ते घर आमच्या दुसऱ्या यादीतही नव्हते. तिथली ताडपत्री आम्ही पुढच्या आठवड्यात, पाणी उतरल्यावर नेली.