पान्हा कोठून येतो?

पहाटे कळसाडीच्या कोणत्याही गोठ्यात पाहा. पारडू सोडले, त्याने कासेला दोन ढुशा दिल्या, की म्हैस पान्हा सोडते. पण पारडू मेले, धार काढणारा नवखा असला, किंवा कुत्रे अंगावर धावून आले, तर तीच म्हैस दूध चोरते. कास भरलेली आणि आचळ कोरडे! अशा वेळी म्हशीला काठी मारून काय उपयोग? पान्ह्याचा हुकूम कासेतून निघत नाही. तो डोक्यातून निघतो.

मेंदूच्या खालच्या अंगाला, हाडाच्या एका खळगीत, लहानशी गाठ असते. माणसात ती वाटाण्याएवढी असते, आणि वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. शाळेच्या पुस्तकात तिला पियुषिका ग्रंथी म्हणतात. डॉक्टर पिट्यूटरी म्हणतात. ही गाठ रक्तात रस सोडते. त्या रसांना संप्रेरके असे नाव आहे. मुलाची उंची वाढते ती तिच्या एका रसाने. स्तनात दूध तयार होते ते दुसऱ्याने. लघवीवाटे पाणी किती जावे, हेही तिचाच एक रस ठरवतो. पण तयार झालेले दूध बाहेर आणणारा रस निराळा. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. तो मेंदूत तयार होतो आणि या गाठीच्या मागल्या भागात साठून राहतो.

पारडाची ढुशी बसली की शिरांतून मेंदूला वर्दी जाते. गाठ रस सोडते, तो रक्तातून कासेत पोहोचतो, आणि दुधाच्या बारीक पिशव्या आवळल्या जातात. हाच पान्हा. त्याचा जोर थोडी मिनिटेच टिकतो. म्हणून धार अर्धी टाकून चहाला उठू नये. जनावर भ्याले तर दुसरे रस आडवे येतात आणि पान्हा अडतो.

काही लोक रोज सुई टोचून म्हशीचा पान्हा काढतात. आम्हांला हे मुळीच पसंत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल अशी सुई देणे हा १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

बाईच्या शरीरातही हाच रस काम करतो. बाळंतिणीला धाक दाखवला, टोचून बोलले, तर तिचाही पान्हा अडतो. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे. पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, फेकू नये. बाळ ओढू लागले की हा रस गर्भाची पिशवीही आवळतो, आणि रक्त थांबायला मदत होते. पण नुसते त्यावर विसंबू नये. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बाया दगावतात.

१९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो या अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हा रस प्रयोगशाळेत तयार केला. १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज दवाखान्यात बाळ जन्मताच नर्सबाई आईला याचीच सुई देतात. हीच सुई कोणी अर्धवट शिकलेल्याने घरी, बाळ जन्मण्याआधी, कळा वाढाव्यात म्हणून दिली, तर पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. तशी सुई कोणी देऊ लागला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. आणि बाळंतिणीच्या अंगावरून रक्त फार जाऊ लागले, तर वार पडण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी.