सोनकी ओळखू या

भाद्रपदात सातारा जिल्ह्यातील कासचे पठार पिवळ्याधमक फुलांनी झाकून जाते. त्यांत सोनकीचा वाटा मोठा असतो. सोनकी ही सह्याद्रीची मूळ रहिवासी होय. मात्र पिवळे फूल दिसले की ती सोनकी, असे समजू नये. रस्त्याच्या कडेला फुलणारा पिवळा-नारिंगी कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. तो बागांतून निसटून माळरानांवर पसरला आहे.

दोहोंतील भेद कसा ओळखावा? प्रथम पान पाहावे. सोनकीचे पान अखंड, दातेरी कडांचे असते. कॉसमॉसचे पान झेंडूच्या पानासारखे चिरलेले असते. नंतर आकार पाहावा. सोनकीचे फूल नाण्याएवढे, तर कॉसमॉसचे बरेच मोठे असते. दोघांचेही ‘एक फूल’ म्हणजे वस्तुतः अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातील असल्यामुळे या खुणेवरून त्यांच्यात भेद करता येत नाही.

कॉसमॉस दाट माजला की गवताला आणि सोनकीला जागा उरत नाही. म्हणून तो उपटावा लागतो. पण ओळख पटण्यापूर्वी हात घातला, तर राखायचे तेच उपटले जाईल.

पाठगत प्रश्न : सोनकी व कॉसमॉस यांच्या पानांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.