चिकूचा धंदा: आधी एक हंगाम, मग कर्ज

मुलगा ‘धंदा करतो’ म्हणाला की डहाणूजवळच्या बोर्डीतल्या घरात पहिला प्रश्न निघतो, भांडवल कुठून आणायचं? मी आधी विचारतो, विकला गेला नाही तर माल किती दिवस टिकेल?

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि डहाणू-घोलवडच्या वाड्यांतल्या चिकूला बाजारच उरला नाही. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ, पण पिकलं की दोन-चार दिवसांचा सोबती. मानांकनाने नाव होतं, मुदत वाढत नाही. सुकवलेली चकती, म्हणजे चिकूचे चिप्स, मात्र थांबते.

आकाराने बारीक म्हणून कमी भावात जाणारा चिकू घ्यावा. कच्चा राहिला तर तुरट लागतो, जास्त पिकला तर सुरीखाली लगदा होतो. साल-बिया काढून चकत्या जाळीवर पसरायच्या. गरात तीन चतुर्थांश पाणीच असतं. त्यामुळे किलोभर चिप्सला पाच किलो फळ धरून चाला. चिकू किलोला 20 रुपयांना पडला तर फळाचेच 100 रुपये झाले. मजुरी, पाकीट वेगळं. हा हिशेब मुलाने वहीत स्वतः मांडावा, बाबांनी मांडून देऊ नये.

पहिल्या हंगामात यंत्र नको, गाळा तर नकोच. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र हवीच. उद्यम नोंदणी फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. शनिवार-रविवारी बोर्डीच्या किनाऱ्यावर मुंबई-गुजरातची माणसं येतात. त्यांना छोटी पाकिटं विकून बघा, पुन्हा मागणारे किती ते टिपून ठेवा.

‘पण अनुदान असतं ना?’ असतं, पण बहुतेक योजनांत ते कर्जाला जोडलेलं. आधी बँकेने हो म्हणायला हवं. मुद्रा योजनेच्या शिशु गटात तारणाशिवाय 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. ते ड्रायरसाठी, दुसऱ्या हंगामात. आईचे दागिने गहाण टाकून सुरुवात अजिबात नको. आणि गावात मोठा कारखाना येईल, मुलगा तिथे चिकटेल, ही आशाही सोडा. 1991 पासून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, उद्योगांवर बंधनं आहेत.

जूनमध्ये हवा दमट झाली की उन्हातलं वाळवण बंद, चिप्सही ओल धरतात. पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांत कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करा, बँकेचे कागद जमवा. शिवाय येणाऱ्या हप्त्याएवढी रक्कम दरमहा बाजूला टाकून बघा. नाही जमलं, तर अर्ज पुढच्या वर्षी.